प्रॉक्सी आणि टाइप-तपासणी : लायब्ररींमधल्या एका जुन्या वादाचा आढावा

मुरुडच्या एखाद्या सुपारी-नारळाच्या व्यापाऱ्याने आपला हिशेब ईआरपीनेक्स्टवर, म्हणजे फ्रॅपे या पायथन फ्रेमवर्कवर उभ्या असलेल्या प्रणालीवर, ठेवलाय असं धरू. त्याच सर्व्हरवर दापोलीचं औषधाचं दुकान आहे आणि चिपळूणचं एक वर्कशॉपही. तिघांचे डेटाबेस वेगळे, चालणारा प्रोग्रॅम एकच. व्यापाऱ्याने बिल सेव्ह केलं की कोडमधली 'फ्रॅपे.डीबी' असा उल्लेख असलेली एक ओळ चालते आणि बिल त्याच्याच डेटाबेसमध्ये जातं. लगेच औषधाच्या दुकानाची विनंती येते, पुन्हा तीच ओळ चालते, पण आता डेटाबेस दुसरा असतो. याचं कारण फ्रॅपे.डीबी हा मुळात डेटाबेस नाहीच. ती एक प्रॉक्सी आहे. तिला जे काम सांगाल ते ती त्या क्षणी लागू असलेल्या खऱ्या डेटाबेसकडे पोचवते.

बिलाच्या याच प्रवासात दुसरं एक तंत्रही काम करतं. ब्राउझरकडून आलेला नगांचा आकडा पुष्कळदा मजकूर म्हणून येतो. सर्व्हरवरच्या फंक्शनने 'मला पूर्णांक हवा' असं आपल्या घोषणेत लिहिलेलं असेल, तर फ्रेमवर्क ती घोषणा वाचतं, मजकुराचा आकडा करतं आणि जमलं नाही तर विनंती दारातूनच परत पाठवतं. प्रोग्रॅमने चालता चालता स्वतःच्याच घोषणा, क्लास आणि टाइप वाचायचे, हे ते दुसरं तंत्र.

मुंबईकराच्या नावावर वाडी आणि तिचा व्यवहार गावातल्या मुखत्याराच्या हाती, ही कोकणातली नेहमीची गोष्ट. प्रॉक्सी म्हणजे तो मुखत्यार आणि टाइप तपासणं म्हणजे सातबारा उघडून नाव बघणं. व्यवहार पुरा व्हायला मुखत्यार पुरतो, पण सातबारा बघणाऱ्याला त्यावर त्याचं नाव सापडत नाही. लायब्ररी लिहिणाऱ्यांमध्ये गेली कित्येक वर्षं जो वाद चालू आहे, त्याचं मूळ या विसंगतीत आहे. दोन्ही तंत्रं एकाच प्रोग्रॅममध्ये लागतात आणि एक दुसऱ्याच्या गृहीतकाला धक्का देतं.

मागची वाट

प्रोग्रॅमने स्वतःकडे पाहावं ही कल्पना ब्रायन कॅन्टवेल स्मिथ यांनी एमआयटीतल्या 1982च्या प्रबंधात आणि त्यातल्या थ्री-लिस्प या भाषेत पद्धतशीर मांडली. त्या सुमाराला स्मॉलटॉक-80मध्ये एक सोय होती. ऑब्जेक्टला न समजणारा संदेश आला की 'डझ-नॉट-अंडरस्टँड' ही मेथड चालायची. एखादा ऑब्जेक्ट मुद्दाम रिकामा ठेवून येणारा प्रत्येक संदेश या मेथडमधून दुसऱ्याकडे पाठवला की झाली प्रॉक्सी. स्मॉलटॉकच्या मंडळींनी ही युक्ती मनसोक्त वापरली. ग्रेगर किक्झालेस आणि सहकाऱ्यांचं मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉलवरचं पुस्तक 1991 साली आलं. नुसतं स्वतःकडे पाहणं वेगळं आणि स्वतःच्या वागण्यात हस्तक्षेप करणं वेगळं, हा भेद याच काळात अभ्यासकांमध्ये पक्का झाला. आजच्या वादातले दोन पक्ष या भेदावरच उभे आहेत.

पुढे 1994 साली आलेल्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकाने प्रॉक्सीला पॅटर्नच्या यादीत बसवलं. जावाने 1997च्या 1.1 आवृत्तीत क्लास, मेथड आणि फील्ड वाचण्याची सोय दिली. चालत्या प्रोग्रॅममध्ये प्रॉक्सी तयार करण्याची सोय मात्र 2000 सालच्या 1.3 आवृत्तीत आली आणि तीही फक्त इंटरफेससाठी. आधी पाहू दिलं आणि हस्तक्षेप नंतर, तोही हात राखून. जावाच्या कर्त्यांना हस्तक्षेपाची ताकद आणि धोका दोन्ही दिसत असावेत, असं या क्रमावरून वाटतं.

प्रॉक्सीवाल्यांचं म्हणणं

वापरणाऱ्याच्या कोडला हात लावावा लागत नाही, हा प्रॉक्सीच्या बाजूचा पहिला आणि सर्वात वजनदार मुद्दा. आर्मिन रोनाखर यांनी 2010 साली फ्लास्क हे पायथनचं वेब-फ्रेमवर्क प्रसिद्ध केलं तेव्हा त्यात 'रिक्वेस्ट' हे नाव सरळ इम्पोर्ट करून वापरता यायचं. चालू विनंती फंक्शनाफंक्शनातून हाताने पुढे सरकवत न्यायची गरज नव्हती. आत होती वेर्कझॉइग या लायब्ररीची लोकल प्रॉक्सी. मुंबईत रुशभ मेहता यांनी सुरू केलेल्या फ्रॅपेने याच प्रॉक्सीवर आपला डोलारा उभा केला. डेटाबेस, सेशन, फॉर्मची माहिती, भाषा, फ्लॅग ही सगळी नावं फ्रॅपेमध्ये कोणत्याही फाइलमधून तशीच वापरता येतात. एखाद्या लहान गावातल्या हिशेबनिसाच्या मुलाने दोन दिवसांत पहिली स्क्रिप्ट लिहावी, इतकी ही सोय सरळ आहे, आणि फ्रॅपेच्या प्रसारात तिचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

दुसरा मुद्दा वेळेचा. जे आत्ता हाताशी नाही त्याच्या जागी प्रॉक्सी उभी राहू शकते. हायबरनेट ही जावाची लायब्ररी, तसं सांगितलेलं असेल तर, बिलासोबत ग्राहकाची पूर्ण नोंद आणत नाही, ग्राहकाच्या जागी प्रॉक्सी ठेवते. ग्राहकाचं नाव कुणी मागितलं तरच डेटाबेसकडे प्रश्न जातो.

तिसरा मुद्दा, आधी कल्पना नसलेल्या गोष्टीही प्रॉक्सीला पकडता येतात. याचं चांगलं उदाहरण जावास्क्रिप्टच्या व्ह्यू या लायब्ररीचं. व्ह्यूच्या दुसऱ्या आवृत्तीत लायब्ररी सुरुवातीलाच ऑब्जेक्ट चाळायची, त्यातली प्रत्येक प्रॉपर्टी शोधायची आणि तिच्यावर गेटर-सेटर बसवायची. म्हणजे आधी तपासणी, मग पहारा. पण नंतर जोडलेली नवी प्रॉपर्टी या पहाऱ्यातून निसटायची. स्क्रीनवर बदल दिसत नाही म्हणून नवशिके हैराण व्हायचे आणि 'व्ह्यू.सेट' वापरा हे उत्तर त्यांना पुन्हा पुन्हा मिळायचं. सप्टेंबर 2020मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही पद्धत सोडून 2015च्या जावास्क्रिप्ट मानकातली प्रॉक्सी घेतली आणि हा त्रास संपला. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही प्रॉक्सी नव्हती, नक्कलही करता येत नव्हती. व्ह्यूने अखेर त्या ब्राउझरवरच पाणी सोडलं.

टाइप वाचणाऱ्यांचं म्हणणं

पायथनच्या वेब-जगात नेमका उलटा प्रवास झाला. 2015च्या पायथन 3.5मध्ये टाइपच्या घोषणा लिहिण्याची प्रमाणित रीत आली. त्या घोषणा मुख्यतः बाहेरून तपासणाऱ्या साधनांसाठी होत्या, चालत्या प्रोग्रॅमने त्यांच्याकडे लक्ष देण्याची अपेक्षा नव्हती. पण 2017मध्ये सॅम्युएल कोल्व्हिन यांनी सुरू केलेल्या पायडँटिकने त्या चालत्या प्रोग्रॅममध्येच वाचल्या आणि आलेली माहिती त्यांच्यावर पारखून घेतली. 2018च्या डिसेंबरमध्ये सेबास्तियान रामिरेझ यांचं फास्टएपीआय आलं. फंक्शनची सही वाचून कोणता तुकडा यूआरएलमधून घ्यायचा आणि कोणता विनंतीच्या मजकुरातून, हे ते स्वतः ठरवतं. एपीआयचं दस्तऐवजही त्याच वाचनातून तयार होतं.

या बाजूचा युक्तिवाद असा : फंक्शनला काय लागतं ते त्याच्या सहीतच दिसलं पाहिजे. फ्लास्कच्या शैलीतलं फंक्शन वरून बिनपॅरामीटरचं दिसतं, पण आतून चालू विनंतीवर अवलंबून असतं. हे अवलंबित्व वाचणाऱ्याला दिसत नाही, एडिटरलाही दिसत नाही आणि चाचणी लिहिणाऱ्याला तर फार उशिरा दिसतं. साधा पायथन कन्सोल उघडून फ्रॅपे इम्पोर्ट केलं आणि फ्रॅपे.डीबीला काही विचारलं तर उत्तराऐवजी एरर येते, कारण प्रॉक्सीच्या मागे अजून कुणीच नसतं. आधी साइटचं नाव देऊन 'इनिट' आणि मग 'कनेक्ट' करावं लागतं. फ्रॅपेवर काम करणारा प्रत्येक जण यातून गेलेला असतो.

दुसरा मुद्दा, चूक लवकर कळते. पायथनच्या मॉक लायब्ररीचा इतिहास यासाठी बोलका आहे. चाचणीत खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी उभा केलेला मॉक ऑब्जेक्ट कोणत्याही नावाला 'हो' म्हणतो. त्यामुळे 'असर्ट'ने सुरू होणाऱ्या तपासणी-मेथडच्या नावात टंकनाची चूक झाली तरी चाचणी हिरवीच राहायची, प्रत्यक्षात तपासलेलं काहीच नसायचं. 3.5 आवृत्तीत अशा चुकीच्या नावांवर एरर देण्याची व्यवस्था करावी लागली. त्याच लायब्ररीतली ऑटोस्पेक ही सोय तर खऱ्या फंक्शनची सही वाचून मॉकला तिच्या चौकटीत बसवते. सगळ्याला होकार देणाऱ्या ऑब्जेक्टला ताळ्यावर आणायला शेवटी टाइप-तपासणीच कामी आली.

या बाजूच्या अडचणीही खऱ्या आहेत. पायथनच्या घोषणांवरून जे रामायण झालं ते इथे जरा विस्ताराने सांगायला हवं. घोषणा लगेच न तपासता मजकूर म्हणून जपून ठेवाव्यात असा वुकाश लांगा यांचा प्रस्ताव 2017मध्ये मंजूर झाला. 3.7 आवृत्तीत तो ऐच्छिक होता, 3.10मध्ये सर्वांना लागू होणार होता. बाहेरून तपासणाऱ्या साधनांना त्याने काहीच फरक पडत नव्हता. पण पायडँटिकसारख्या लायब्ररींना त्या मजकुरातून पुन्हा खरे टाइप शोधावे लागत होते, आणि फंक्शनच्या आत घोषित केलेला क्लास बाहेरून सापडत नव्हता. एप्रिल 2021मध्ये पायडँटिक आणि फास्टएपीआयकडून तक्रार आली आणि पायथनच्या सुकाणू समितीने तो बदल 3.10मधून मागे घेतला. शेवटी लॅरी हेस्टिंग्ज यांचा पर्यायी प्रस्ताव 2025च्या 3.14 आवृत्तीत प्रत्यक्षात आला. त्यानुसार घोषणा कुणी मागेल तेव्हाच तपासली जाते. मला यात लक्षणीय वाटतं ते हे, की टाइप वाचणाऱ्यांनीही अखेर 'मागेल तेव्हा' हीच युक्ती घेतली आणि ती तर प्रॉक्सीवाल्यांची.

दोघांची गाठ पडते तिथे

पायथनमध्ये 'हा ऑब्जेक्ट या क्लासचा आहे का' हे 'इझइन्स्टन्स'ने विचारतात. ते आधी ऑब्जेक्टचा खरा टाइप बघतं, तो जुळला नाही तर ऑब्जेक्टला त्याचा क्लास विचारतं. लोकल प्रॉक्सी या दुसऱ्या प्रश्नाला मागच्या खऱ्या ऑब्जेक्टचा क्लास सांगते, म्हणून इथे ती खपून जाते. 'टाइप' या फंक्शनपुढे मात्र तिचं सोंग उघडं पडतं.

याचा परिणाम पायथनच्या प्रमाण जेसन लायब्ररीत पाहण्यासारखा आहे. तिच्यात एक अंमलबजावणी सीमध्ये लिहिलेली आणि एक शुद्ध पायथनमध्ये. सीमधली खरा टाइप बघते, पायथनमधली इझइन्स्टन्स वापरते. पायथनच्या अनेक आवृत्त्यांत माहितीचा जेसन मजकूर करणारं 'डम्प्स' हे फंक्शन नुसतं बोलावलं की सीची वाट चालायची आणि इंडेंट मागितलं की पायथनची. त्यामुळे डिक्शनरीसमोर उभी असलेली लोकल प्रॉक्सी साध्या डम्प्सला दिली की 'हे जेसनमध्ये बदलता येत नाही' अशी एरर आणि इंडेंट दोन म्हटलं की सुरळीत उत्तर. एकाच लायब्ररीतलं एकच फंक्शन, तोच ऑब्जेक्ट, तरी निकाल दोन. असा बग शोधताना माणूस इंडेंटकडे कशाला बघेल?

ओळखीचा प्रश्न याहून अवघड. 'फ्रॅपे.डीबी इझ नन' ही तुलना मागे काहीही असो, खोटीच ठरते, कारण 'इझ' दोन नावं एकाच वस्तूची आहेत का एवढंच बघतं आणि प्रॉक्सी ही नेहमीच वेगळी वस्तू असते. ही तुलना पकडून वळवण्याची सोय पायथनमध्ये नाही. व्ह्यूमध्येही मूळ ऑब्जेक्ट आणि त्याची प्रॉक्सी यांची तुलना 'समान नाही' असंच उत्तर देते.

हायबरनेटमध्ये हा प्रश्न प्रत्यक्ष डेटाच्या चुकांपर्यंत पोचतो. एडिटरने तयार केलेली 'इक्वल्स' मेथड बहुधा दोन्ही ऑब्जेक्टचे क्लास तंतोतंत तेच आहेत का ते आधी बघते. एक खरा ग्राहक आणि दुसरी त्याच ग्राहकाची प्रॉक्सी असेल तर डेटाबेसमधली ओळ एक असूनही उत्तर 'वेगळे' येतं. 'इन्स्टन्सऑफ' वापरून ही अडचण टाळली, तरी समोरच्याचं आयडी फील्ड थेट वाचलं तर ते रिकामं निघतं, कारण फील्ड वाचणं प्रॉक्सीला पकडता येत नाही. गेटरमधूनच विचारावं लागतं. जावाच्याच स्प्रिंग या फ्रेमवर्कमध्येही अशीच खोच आहे. ट्रान्झॅक्शनची खूण असलेली मेथड बाहेरून बोलावली तर प्रॉक्सीतून जाते, पण त्याच क्लासच्या दुसऱ्या मेथडने आतून बोलावली की प्रॉक्सी वाटेत येतच नाही आणि ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. कोड वाचून हे कळायला काही मार्ग नाही.

जावास्क्रिप्टमध्ये तारखेच्या ऑब्जेक्टभोवती साधी प्रॉक्सी लावली आणि वेळ विचारली तर एरर येते. क्लासची खासगी फील्डही प्रॉक्सीतून पार होत नाहीत. याउलट 'हा ॲरे आहे का' हा प्रश्न मात्र प्रॉक्सीच्या आरपार बघून खरं उत्तर देतो.

फ्रॅपेची तडजोड

फ्रॅपेने दोन्ही तंत्रं ठेवली आणि त्यांच्या मध्ये एक तिसरी व्यवस्था उभी केली, म्हणून हे उदाहरण मला मोलाचं वाटतं. फ्रॅपे.डीबी चालताना प्रॉक्सीच असते. पण त्याच फाइलमध्ये फक्त टाइप तपासणाऱ्या साधनांना दिसेल असा एक भाग आहे, त्यात हे नाव मारियाडीबी किंवा पोस्टग्रेसच्या डेटाबेस क्लासचं म्हणून घोषित केलेलं आहे. एडिटरला सुचवण्या मिळतात, चालत्या प्रोग्रॅमला लवचीकता. 2023च्या पंधराव्या आवृत्तीपासून बाहेरून बोलावता येणाऱ्या फंक्शनांच्या घोषणाही चालताना तपासल्या जातात, त्यासाठी पायडँटिकच वापरलं जातं.

तिसरी व्यवस्था म्हणजे 'मेटा'. बिलात कोणती फील्ड आहेत हे फ्रॅपे पायथनच्या क्लासला विचारत नाही. बिलासारख्या प्रत्येक नोंद-प्रकाराचं, म्हणजे डॉकटाइपचं, वर्णन डेटाबेसमध्ये असतं आणि 'गेट मेटा' म्हटलं की ते मिळतं. गिलाड ब्राखा आणि डेव्हिड अंगर यांनी 2004 साली मांडलेलं आरसे-तत्त्व याच्या फार जवळ जातं. ऑब्जेक्टविषयीची माहिती ऑब्जेक्टलाच विचारू नका, तिच्यासाठी वेगळा आरसा ठेवा, असं ते सांगतात. माहिती अशी वेगळी ठेवली की प्रॉक्सी समोर असो वा खरा ऑब्जेक्ट, उत्तर बदलत नाही.

तरीही एक फट उरते. सुपारीच्या व्यापाऱ्याने बिलाला 'वाडीचं नाव' असं स्वतःचं कस्टम फील्ड जोडलं, कोडची एक ओळही न लिहिता. डेटाबेसला ते माहीत आहे, मेटाला माहीत आहे. पण पंधराव्या आवृत्तीत डेव्हलपर मोडमध्ये डॉकटाइप सेव्ह करताना कंट्रोलरच्या फाइलमध्ये आपोआप लिहिला जाणारा टाइप-घोषणांचा ठोकळा मूळ डॉकटाइपचा असतो, त्याला या वाडीचा पत्ता नसतो. एडिटर त्या फील्डखाली लाल रेघ मारेल आणि कोड मात्र व्यवस्थित चालेल. चालत्या सिस्टिममध्ये साचाच बदलत असेल तर आधी लिहिलेल्या टाइपवर किती विसंबायचं, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मला अजून कुठल्याही फ्रेमवर्कमध्ये दिसलेलं नाही.

दोन्ही नकोत म्हणणारे

हे काम प्रोग्रॅम चालू होण्याआधीच उरका, असं म्हणणारा पक्ष गेल्या काही वर्षांत बळावला आहे. 2018चं मायक्रोनॉट आणि 2019चं क्वार्कस या जावा फ्रेमवर्कनी बरंचसं वाचन आणि जोडकाम बिल्डच्या वेळी हलवलं. ग्रालव्हीएमने नेटिव्ह प्रोग्रॅम तयार करायचा तर कोणत्या प्रॉक्सी लागतील आणि कोणते क्लास वाचले जातील हे आधीच कळावं लागतं. रस्टमध्ये चालताना टाइप वाचण्याची व्यवस्था जवळपास नाहीच, सर्डे ही लायब्ररी सगळं कंपाइल होताना लिहून घेते. सी++नेही 2026च्या मानकासाठी कंपाइल-वेळचं रिफ्लेक्शन जून 2025मध्ये स्वीकारलं. वेग आणि लवकर सुरू होणं हा या पक्षाचा फायदा निर्विवाद आहे. पण कस्टम फील्डसारख्या, बिल्डनंतर जन्मणाऱ्या गोष्टींना त्यांच्याकडे जागा नाही.

काय सुटलेलं नाही

वेगाचा मुद्दा वाटतो तितका मिटलेला नाही. प्रॉक्सीतून जाणारं प्रत्येक बोलावणं महाग पडतं हे खरं, पण बिल सेव्ह होताना बहुतेक वेळ डेटाबेसमध्ये जातो, तिथे ते जाणवत नाही. हजारो ओळींच्या साठा-मोजणीच्या लूपमध्ये मात्र जाणवतं. उलट टाइप वाचण्याचा खर्च बराचसा सुरुवातीला एकदाच होतो. सुटे आकडे फेकून या वादाचा निकाल लावणाऱ्यांनी आपला प्रोग्रॅम यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे आधी सांगायला हवं.

दुसरा प्रश्न असा, की प्रॉक्सी आहे हे ओळखू यावं का? तीन भाषांनी तीन उत्तरं दिली आहेत. जावा 'हो' म्हणते, एखादा क्लास प्रॉक्सीचा आहे का हे विचारण्यासाठी तिच्यात मेथडच आहे. जावास्क्रिप्टच्या प्रॉक्सीची रचना करणाऱ्या टॉम फान कुत्सेम आणि मार्क मिलर यांनी 2010च्या निबंधात सांगितलेल्या तत्त्वांनुसार ती सामान्य कोडला ओळखू येत नाही. अविश्वासू कोडभोवती कुंपण घालायचं असेल तर कुंपण आहे हे त्या कोडला कळू नये, हा त्यामागचा विचार. तरी डीबगिंगसाठी नोडला 'इझप्रॉक्सी' द्यावंच लागलं. पायथन मधेच उभा आहे, एका फंक्शनला ओळखू येते, दुसऱ्याला नाही. सुरक्षेच्या दृष्टीने पाहिलं तर जावास्क्रिप्टचं उत्तर बरोबर, बग शोधणाऱ्याच्या दृष्टीने जावाचं. पायथनचं उत्तर कुणी ठरवून दिलेलं नाही, ते दोन स्वतंत्र निर्णयांतून साचलेलं आहे, आणि मला वाटतं जास्त त्रास त्याचाच होतो.

तिसरा प्रश्न नव्याने उभा राहतोय. आपल्यामागे कोण उभं आहे हे लोकल प्रॉक्सी चालू संदर्भावरून ठरवते. 2018च्या पायथन 3.7मध्ये त्यासाठी संदर्भ-चलं आली आणि 2021मध्ये वेर्कझॉइगने आपली लोकल यंत्रणा त्यांच्यावर नेली. आता ग्लोबल लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप, काढलेला पायथन 3.14पासून अधिकृतपणे समर्थित आहे, आणि त्यात नवा थ्रेड सुरू झाला की सुरू करणाऱ्याचा संदर्भ त्याला मुळातच मिळतो. नेहमीच्या पायथनमध्ये तसं होत नाही, तिथे थ्रेड रिकाम्या संदर्भाने सुरू होतो. म्हणजे एका बिल्डमध्ये थ्रेडच्या आत 'फ्रॅपे.डीबी'सारख्या नावामागे कुणीच नसेल आणि एरर येईल, दुसऱ्यात तेच नाव मूळ विनंतीच्या डेटाबेस-जोडणीकडे बोट दाखवेल आणि दोन थ्रेड एकच जोडणी वापरू लागतील. यांपैकी कोणतं वागणं लायब्ररींनी गृहीत धरायचं, हे त्या लायब्ररींच्या सांभाळकर्त्यांना येत्या आवृत्त्यांत ठरवावं लागणार आहे.